कलाचोराचा जुना खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयात शिरून कलावस्तू पळवणाऱ्या चोराच्या जुन्या व्हिडिओ गेमविषयी आणि त्याच्या भावंडांविषयी फोंडा, डिचोली, पेडणे येथून, तसेच सीमेपलीकडच्या सावंतवाडी, बेळगाव येथून मला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संग्रहालयातून चित्रे चोरणाऱ्या चोराचा तो जुना खेळ नेमका कोणता?

बहुतेकांना हवा असलेला खेळ म्हणजे ‘द हाइस्ट’. माइक लिव्हसे यांनी तो ॲपल टू या संगणकासाठी लिहिला आणि अमेरिकेतील मायक्रो फन या प्रकाशनाने १९८३ मध्ये बाजारात आणला. त्यानंतर अटारीचे आठ-बिट संगणक, कोमोडोर ६४, एमएसएक्स आणि कोलेकोव्हिजन हे दूरचित्रवाणीला जोडायचे यंत्र, अशा वेगवेगळ्या यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या. खेळणारा चोराच्या भूमिकेत असतो आणि संग्रहालयाच्या दालनादालनांतून वाट काढत तेथील कलावस्तू गोळा करतो. काही वाचकांनी केलेले वर्णन मात्र उंदीर-पोलीस आणि मांजरांच्या खेळाचे असते. तो खेळ वेगळा असून त्याविषयी प्रश्न ४ पाहावा.

२. याला ‘प्लॅटफॉर्म’ गेम का म्हणतात? रेल्वेशी त्याचा काही संबंध आहे का?

रेल्वेशी संबंध नाही. इमारत मधोमध उभी कापून बाजूने पाहिली तर तिचे मजले जसे एकावर एक आडव्या पट्ट्यांसारखे दिसतील, तसा या खेळाचा पडदा असतो. त्या पट्ट्यांना प्लॅटफॉर्म म्हणतात आणि एका पट्टीवरून दुसरीवर पोचणे हाच मुख्य उद्योग असतो. युनिव्हर्सल या जपानी कंपनीच्या १९८० मधील ‘स्पेस पॅनिक’मध्ये मजले आणि शिड्या होत्या, पण उडी नव्हती. निन्टेन्डोच्या १९८१ मधील ‘डाँकी काँग’ने उडी दिली आणि या प्रकाराला त्याचे आजचे रूप आले. पुढच्याच वर्षी बिल होग यांच्या ‘मायनर २०४९-अर’मध्ये खेळणाऱ्यापुढे दहा निरनिराळे पडदे मांडले गेले आणि प्रत्येक पडदा हे स्वतंत्र कोडे झाले. ‘द हाइस्ट’ याच घराण्यातला आहे. त्याची दालने त्या परंपरेच्या ओळखीने पाहिली तर लवकर उलगडतात.

३. चोर आणि चोरी या विषयावर त्या काळात आणखी कोणते खेळ आले?

बरेच आले. टायटोने १९८० मध्ये ‘ल्युपिन द थर्ड’ आणला, ज्यात चोर पैशांच्या थैल्या पळवतो. फ्रान्समधील व्हालाडाँ ऑटोमेशनच्या १९८२ मधील ‘बॅगमन’मध्ये खाणीच्या बोगद्यांतून थैल्या बाहेर काढायच्या असतात. ॲक्टिव्हिजनसाठी गॅरी किचन यांनी केलेल्या १९८३ मधील ‘कीस्टोन केपर्स’मध्ये भूमिका उलटतात आणि आपण पोलीस होऊन मोठ्या दुकानाच्या मजल्यांवरून चोराचा पाठलाग करतो. सेगाच्या १९९० मधील ‘बोनान्झा ब्रदर्स’मध्ये दोन खेळाडू दुभागलेल्या पडद्यावर एकाच वेळी चोरी करतात आणि पहारेकऱ्यांना चुकवून छतावर पोचतात. चोरावरच्या खेळांत लपण्याला धावण्याइतकेच महत्त्व कसे येत गेले, हे पाहायचे असेल तर हा शेवटचा खेळ अवश्य खेळावा.

४. लहानपणी एकाच काडतुसात (यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत) शेकडो खेळ असायचे, त्यांतील उंदीर-पोलीस ‘मोनालिसा’ गोळा करायचा. तो हाच खेळ का?

तो ‘मॅपी’. नाम्कोने तो १९८३ मध्येच गेमपार्लरसाठी काढला आणि १९८४ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी त्याची आवृत्ती आली. भारतात त्या यंत्राच्या ज्या नकला घरोघरी होत्या, त्यांच्या ‘इतके-इतके खेळ एकात’ छापाच्या काडतुसांमध्ये हीच आवृत्ती असे. फोंड्यात आमच्या शाळेच्या वाटेवर तासाप्रमाणे पैसे घेऊन खेळू देणारे एक दुकान होते. तेथे सर्वाधिक वेळ याच खेळावर गेला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

येथे चोरी आधीच झालेली असते. मांजरांच्या वाड्यात दडवलेला माल परत आणणे हे उंदीर-पोलिसाचे काम. माल पाच प्रकारचा आणि प्रत्येकी दोन नग असतो: कॅसेट वाजवणारा रेडिओ, दूरचित्रवाणी संच, संगणक, मोनालिसाचे चित्र आणि तिजोरी. त्यांचे गुण अनुक्रमे १००, २००, ३००, ४०० आणि ५०० आहेत. गुण वाढवण्याचे रहस्य जोडीत आहे. एक चित्र उचलल्यावर लगेच दुसरे चित्रच उचलले, तर गुणांचा गुणक वाढतो आणि सलग जोड्या पूर्ण करत गेल्यास तो सहापटीपर्यंत पोचतो. दिसेल ते उचलत सुटणारा मुलगा आणि जोड्या लावणारा मुलगा दोघेही वाडा पूर्ण करतात, पण त्यांच्या गुणांत फार मोठा फरक पडतो.

या खेळात उडीचे बटणच नाही. मजले बदलण्यासाठी ट्रॅम्पोलिन, म्हणजे ताणलेले उसळते जाळे, वापरावे लागते. जमिनीवर न उतरता एकाच जाळ्यावर उसळत राहिल्यास त्याचा रंग हिरव्यावरून निळा, पिवळा आणि लाल होत जातो आणि चौथ्या वेळी ते तुटते. मध्ये एकदा कोणत्याही मजल्यावर उतरले की जाळे पुन्हा ताजे होते. हवेत असताना मांजराचा स्पर्श झाला तरी काही होत नाही. त्यामुळे नवख्याला जी जागा सर्वांत भीतीदायक वाटते, ती प्रत्यक्षात सर्वांत सुरक्षित असते. मांजरांचा म्होरक्या गोरो कधीकधी एखाद्या वस्तूमागे लपतो आणि नेमकी त्याच क्षणी ती वस्तू उचलली, तर १००० गुण अधिक मिळतात.

५. त्या मालात मोनालिसाच का?

निर्मात्यांच्या मनातले कारण सांगता येणार नाही, पण चोरीला गेलेले चित्र म्हटल्यावर जगाला पहिली आठवण तिचीच होते. २१ ऑगस्ट १९११ रोजी विन्चेन्झो पेरुजा या कारागिराने ते चित्र पॅरिसच्या लूव्रमधून पळवले. डिसेंबर १९१३ मध्ये ते फ्लॉरेन्स येथे सापडले आणि १९१४ च्या आरंभी लूव्रमध्ये परतले. पडद्यावरच्या मूठभर ठिपक्यांत ओळखू येईल असे चित्र निवडायचे असेल, तर काळसर केस, हातांची घडी आणि मागे फिकट आकाश एवढ्यावर ओळख पटते, हेही तिच्या बाजूने आहे. हे ठिपके किती, ते पुढच्या उत्तरात पाहू.

६. संग्रहालयातील चित्रे इतकी ढोबळ का दिसतात? कलाकार कमी पडले का?

मुळीच नाही. उलट त्यांच्याइतकी काटकसर आज कोणाला करावी लागत नाही. सोळा बाय सोळा ठिपक्यांचे एक चित्र धरले तर एकूण २५६ ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपका ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवले तरी ३२ बाइट लागतात. कोलेकोव्हिजनमध्ये कामाची मुख्य स्मृती अवघी १०२४ बाइट होती, चित्रांसाठीची १६ किलोबाइट वेगळी. आजच्या संगणकात देवनागरीचे एकेक चिन्ह साधारणपणे तीन बाइटांत साठवले जाते. त्या हिशेबाने हे एक उत्तरसुद्धा त्या मुख्य स्मृतीत मावले नसते.

रंगांची बंधने आणखी कडक होती. कोलेकोव्हिजन आणि एमएसएक्स या दोन्हींमध्ये एकाच कुळातली चित्र-चिप आहे. तिचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा असून आठ-आठ ठिपक्यांच्या प्रत्येक आडव्या तुकड्यात दोनच रंग वापरता येतात. चित्राची सोनेरी चौकट आणि आतला चेहरा एकाच तुकड्यात आले, की तिसऱ्या रंगाला जागा उरत नाही. म्हणून चौकट आठाच्या मापात बसवणे, चेहऱ्याची सावली पुढच्या तुकड्यात ढकलणे असे शिंपीकाम करावे लागे. ॲपल टूमध्ये २८० बाय १९२ ठिपके होते, पण रंग ठरे तो ठिपका सम स्तंभात आहे की विषम, यावरून. त्यामुळे चोर एक ठिपका पुढे सरकला तरी त्याचा रंग बदलू नये, यासाठी प्रोग्रामरला वेगळी तजवीज ठेवावी लागे. हलत्या आकृत्यांसाठी खास यंत्रणाही त्यात नव्हती. कोमोडोर ६४ मध्ये ती होती: आठ स्वतंत्र हलत्या आकृत्या, प्रत्येकी २४ बाय २१ ठिपक्यांच्या.

कोलेकोव्हिजनवर एका आडव्या रेषेत चारच हलत्या आकृत्या दिसू शकतात आणि पाचवी अदृश्य होते. खेळताना एखादा शत्रू लुकलुकू लागला, तर यंत्र बिघडले असे समजू नये. पाच जण एका रेषेत आले आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो.

७. मी प्रत्येक वेळी त्याच जागी मरतो. माझी बोटे हळू आहेत का?

हा प्रश्न मला सर्वाधिक येतो आणि या सगळ्या खेळांचा गाभाही याच उत्तरात आहे. बोटे क्वचितच हळू असतात. घाई होते ती डोळ्यांची. एका पडद्यात मावणारे दालन हे घड्याळासारखे असते. शत्रू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठरलेल्या वेगाने जातो, उद्वाहन ठरलेल्या वेळी वर येते आणि सरकता पट्टा एकाच दिशेने ओढतो. काही अपवाद वगळता यांतले काहीही आपल्याकडे पाहून बदलत नाही. तेव्हा दालनात शिरल्यावर शक्य असेल तेथे पहिल्या सुरक्षित जागी उभे राहून निदान एक पूर्ण फेरी नुसती पाहावी.

मोजण्यासाठी मी केरव्याच्या आठ मात्रा वापरतो. भजनात टाळ धरलेल्या कोणालाही त्या आपोआप मोजता येतात आणि मनातल्या सेकंदांपेक्षा त्या अधिक स्थिर राहतात. समजा, एका रखवालदाराची फेरी सहा मात्रांची आणि उद्वाहनाची आठ मात्रांची आहे. मग दोघे एकाच क्षणी पुन्हा त्याच ठिकाणी येतील ते चोवीस मात्रांनी. वाट मोकळी होण्याचा तो योग दर चोवीस मात्रांनी एकदा येतो आणि तो हुकला तर पुढच्या योगापर्यंत थांबायचे असते. ‘त्याच जागी मरणारे’ बहुतेक खेळाडू त्या योगाच्या दोन-तीन मात्रा आधी उडी घेतात.

दुसरी गोष्ट उडीची. या पिढीतील अनेक खेळांत उडीचा कमान-आकार ठरलेला असतो आणि हवेत गेल्यावर दिशा बदलता येत नाही. म्हणून उडी कोठून घ्यायची ही जागा पाठ करावी. भिंतीवरची एखादी वीट किंवा शिडीची पायरी खूण म्हणून धरावी. उंचावरून पडल्यावरही अनेक खेळांत जीव जातो आणि किती उंची चालते, हे प्रत्येक खेळात वेगळे असते. ‘मायनर २०४९-अर’च्या सवयीने दुसऱ्या खेळात उतरू नये, कारण पायांना लागलेली ती सवयच घात करते.

तिसरी गोष्ट क्रमाची. जवळची वस्तू आधी घेण्याचा मोह आवरावा. ज्या कोपऱ्यात जाऊन परत यावे लागते, तो कोपरा आधी आटोपावा आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर असलेली वस्तू शेवटी घ्यावी. कागदावर दालनाचा कच्चा नकाशा काढून वाटेवर आकडे घालणे हा पोरखेळ नव्हे. माझ्याकडे अशा नकाशांची एक वही अजून आहे आणि त्या वहीनेच मला हे खेळ खरे शिकवले.

८. सगळे नीट करूनही खेळ पूर्ण होत नाही. चूक माझी की खेळाची?

कधीकधी चूक खरोखरच खेळाची असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मॅथ्यू स्मिथ यांच्या १९८४ मधील ‘जेट सेट विली’चे आहे. वाड्यातील वस्तू गोळा करण्याचा तो खेळ मूळ रूपात पूर्ण होणे अशक्य होते, कारण छपराखालच्या माळ्यावरील खोलीत एकदा शिरल्यावर इतर काही खोल्यांची माहिती बिघडून जाई. आरंभी तो मुद्दाम ठेवलेला सापळा असल्याचे सांगितले गेले आणि नंतर दुरुस्त्या प्रसिद्ध करण्यात आल्या. त्याच खेळात दुसरा एक प्रकार घडतो: उंचावरून पडत दुसऱ्या खोलीत शिरून मेल्यास पुढचा जीव त्याच घातक जागी मिळतो आणि उरलेले सगळे जीव ओळीने जातात. दुसऱ्या एखाद्या खेळात असा अनुभव आला, तर आधी आपली प्रत खराब नाही ना हे तपासावे (प्रश्न १३) आणि त्यानंतरच निर्मात्याला दोष द्यावा.

९. ‘द हाइस्ट’ची कोणती आवृत्ती खेळावी?

मूळ हेतू समजून घ्यायचा असेल तर ॲपल टूची, कारण खेळ लिहिला गेला तो तिच्यासाठी. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मी कोलेकोव्हिजनची सुचवतो, कारण ती काडतुसातून चटकन सुरू होते आणि डिस्क लोड होण्याची वाट पाहावी लागत नाही.

१०. आज हे खेळ संगणकावर कसे खेळता येतात?

जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, त्यासाठी वापरतात. कोमोडोर ६४ साठी ‘व्हाइस’, ॲपल टूसाठी ‘ॲपलविन’, अटारीच्या आठ-बिट संगणकांसाठी ‘अल्टिरा’, एमएसएक्ससाठी ‘ओपनएमएसएक्स’ आणि गेमपार्लरच्या खेळांसाठी ‘मेम’ हे खात्रीचे आहेत. हे प्रोग्राम मोफत मिळतात. ‘मॅपी’ची फॅमिकॉम आवृत्ती नाम्कोच्या २०२० मधील ‘नाम्को म्युझियम आर्काइव्ह्ज’च्या पहिल्या खंडात अधिकृतपणे विकत मिळते. ज्यांना फक्त तोच खेळायचा आहे, त्यांनी सरळ तो खंड घ्यावा. एम्युलेटरवर खेळताना बिनतारी जॉयस्टिकपेक्षा तारेची बरी, कारण बिनतारी जोडणीतला सूक्ष्म उशीरही प्रश्न ७ मधील मात्रांचा हिशेब बिघडवतो.

११. अशा प्रती वापरणे कायदेशीर आहे का? चाळीस वर्षांनंतर हक्क संपले नाहीत का?

हक्क संपलेले नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकीय प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. १९८३ मधील खेळ त्यामुळे अजून बराच काळ संरक्षित राहतील. दुकानात मिळत नाही म्हणून हक्क नाहीसा होत नाही. एम्युलेटर वापरणे आणि खेळाची प्रत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मालकीची मूळ डिस्क किंवा काडतूस असेल, तर ते नष्ट किंवा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. ती प्रत वाटण्याची किंवा विकण्याची मुभा मात्र नाही. आठवडी बाजारात मिळणाऱ्या ‘हजारो खेळ एकात’ अशा पेट्यांविषयी मला विचारले जाते, त्यांचे उत्तरही यातच आले.

१२. शेजारच्या तारवटी काकांनी आणलेले अमेरिकन यंत्र माळ्यावर सापडले आहे. लावून पाहू का?

कृपया तसेच लावू नका. जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटींनी आणि आखातातून परतणाऱ्या माणसांनी गोव्यात अशी कितीतरी यंत्रे आणली. त्यांतील अनेक माळ्यावर शाबूत आहेत आणि त्यांचा शेवट बहुधा उत्साहाच्या पहिल्या पाच मिनिटांत होतो.

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि अमेरिकन यंत्रांचा वीजपुरवठा ११० ते १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो. पिनेला अडॉप्टर लावल्याने फक्त आकार जुळतो, दाब जुळत नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो असला तरी जुना वीजपुरवठा आधी यंत्राला न जोडता मल्टिमीटरने तपासून घ्यावा. कोमोडोर ६४ बाबत तर मी जुनी वीट, म्हणजे तिचा मूळ वीजपुरवठा, वापरूच नये असे सांगतो, कारण तिचा व्होल्टेज नियंत्रक निकामी झाला की पाच व्होल्टच्या तारेत अधिक दाब जातो आणि स्मृतीच्या चिप जळतात. नवा बनवलेला पुरवठा महाग वाटला, तरी यंत्रापेक्षा स्वस्तच पडतो. कोलेकोव्हिजनला पाच, बारा आणि उणे पाच असे तीन वेगवेगळे दाब लागतात. त्यामुळे हाताशी असलेला कोणताही अडॉप्टर तिला चालत नाही.

त्यानंतर चित्राचा प्रश्न येतो. अमेरिकन यंत्र एनटीएससी पद्धतीचे संकेत देते आणि आपले जुने संच पॅल पद्धतीचे आहेत. त्यामुळे चित्र रंगहीन येणे, ते वर-खाली घसरणे किंवा आवाज न येणे हे सर्व अपेक्षित आहे आणि यंत्र चालू असल्याचेच लक्षण आहे. दोन्ही पद्धती ओळखणारा संच किंवा रूपांतर करणारी पेटी वापरावी. यंत्र सुरू झाले पण मध्येच बंद पडते, अशी तक्रार असल्यास आधी मुख्य बटण पाहावे. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याच्या आतली पात्ती काळवंडलेली असतात आणि अनेकदा ती साफ केल्याने काम होते.

१३. फ्लॉपीवर पांढरी बुरशी आली आहे. वाचवता येईल का?

अनेकदा येते, पण तत्पूर्वी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: बुरशी आलेली डिस्क कुतूहलानेसुद्धा ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी वाचनशीर्षाला चिकटते, चकतीवरचा चुंबकीय लेप खरवडला जातो आणि पुढे त्या ड्राइव्हमध्ये घातलेल्या निरोगी डिस्कही खराब होतात. एका चवथीच्या सुट्टीत मी स्वतः अशा चार डिस्क एकापाठोपाठ गमावल्या आहेत.

सव्वापाच इंची डिस्कचे आवरण एका कडेने धारदार पात्याने अलगद उघडावे आणि आतली चकती फक्त मधल्या कड्याला धरून बाहेर काढावी. नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ती हलक्या हाताने पुसावी. आधी कडेच्या लहान भागावर लेप सुटत नाही ना, हे पाहावे. ती सावलीत पूर्ण वाळली की दुसऱ्या स्वच्छ डिस्कच्या रिकाम्या आवरणात घालून एकदाच, लगेच तिची संगणकीय प्रत करावी. त्यासाठी ‘ग्रीजवीझल’सारखे उपकरण उपयोगी पडते, कारण ते डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपते. नेहमीची प्रत करणाऱ्या पद्धतीने ॲपल टूच्या अनेक डिस्क उतरतच नाहीत, कारण चोरट्या प्रती होऊ नयेत म्हणून प्रकाशकांनी त्यांची रचना मुद्दाम वेगळी केली होती. डिस्क वाचली जाते पण खेळ सुरू होत नाही, या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी ‘वोझ’ प्रकारची फाइल लागते.

गोव्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने खरे संकट असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क ठेवाव्यात आणि पुड्यांचा रंग पालटला की त्या गरम करून पुन्हा कोरड्या कराव्यात. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय मी करू देत नाही, कारण तांदळाची भुकटी डिस्कला बुरशीइतकीच वाईट आणि शिवाय पोरकिडे येतात. काडतुसाला फुंकर मारण्याची सवयही सोडावी. श्वासातील ओलावा तांब्याच्या पट्ट्यांना गंजवतो.

१४. मित्राकडे तोच खेळ माझ्यापेक्षा हळू चालतो आणि सूरही खाली लागतो. असे का?

अमेरिका आणि जपानमधील यंत्रे सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतात, तर पॅल पद्धतीची ५० वेळा. या काळातील बहुतेक खेळांचे घड्याळ पडद्याच्या या फेऱ्यांशी बांधलेले असल्यामुळे तोच खेळ पॅल यंत्रावर सुमारे १७ टक्के हळू चालतो, संगीताची लय मंदावते आणि काही यंत्रांवर स्वरही उतरतो. एम्युलेटरमध्ये ही पद्धत बदलता येते. गुणांची तुलना करायची असेल तर दोघांनी एकच पद्धत ठेवावी, नाहीतर ती तुलना न्याय्य नाही.

१५. मुलांना चोर होण्याचा खेळ देणे योग्य आहे का?

ही शंका मी गंभीरपणे घेतो, कारण देवळातील मूर्ती किंवा चर्चमधील जुनी वस्तू चोरीला जाण्याचे दुःख गोव्याच्या गावांना परके नाही. माझ्या घरात मी मुलांना ‘मॅपी’ आधी देतो, ज्यात माल परत आणायचा असतो, आणि चोराचा खेळ नंतर. ‘द हाइस्ट’ खेळताना मुलाचे सगळे लक्ष शिड्या आणि वेळा यांच्यावर असते आणि चोरी हे निमित्त उरते, असा माझा अनुभव आहे. तरीही खेळून झाल्यावर मुलांना खऱ्या संग्रहालयात न्यावे. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय किंवा तेथलेच पुरातत्त्व संग्रहालय यांत एक सकाळ घालवली, की वस्तू जेथल्या तेथे का राहायला हवी, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१६. गोव्याच्या चित्रांचे संग्रहालय घेऊन असाच खेळ स्वतः तयार करता येईल का? चित्रे कोणती घ्यावीत?

जरूर करावा. मी स्वतः संध्याकाळी त्याच कामात असतो. चित्रांच्या बाबतीत मात्र प्रश्न ११ मधील हिशेब आपल्यालाही लागू होतो. सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेले अंतोनियो झेवियर त्रिंदाद १९३५ मध्ये निधन पावले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरील ६० वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे. त्यांची बरीच चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत येथे पाहता येतात. अँजेलो द फोन्सेका यांचे निधन १९६७ चे आहे, तेव्हा त्यांच्या चित्रांसाठी २०२७ संपेपर्यंत परवानगी लागेल. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा २००२ मध्ये गेले आणि त्यांच्या चित्रांसाठी तर अजून कितीतरी वर्षे. मूळ चित्र मुक्त असले तरी दुसऱ्याने काढलेल्या छायाचित्रावर त्याचा हक्क असू शकतो. म्हणून चित्रासमोर उभे राहून, संस्थेच्या परवानगीने, स्वतः रेखाटन करावे आणि त्यावरून ठिपके भरावेत. रेखाटन करताना चेहऱ्यातील कोणत्या तीन-चार छटा अत्यावश्यक आहेत, हे हाताला कळते. छायाचित्र यंत्राकडून लहान करून घेतल्यास नुसता चिखल मिळतो.

दालने आरंभी तीनच करावीत आणि प्रत्येक दालनात हलणाऱ्या गोष्टी दोनपेक्षा अधिक नकोत. त्यांच्या फेऱ्यांच्या मात्रा आधी कागदावर ठरवाव्यात, म्हणजे वाट मोकळी होण्याचा योग आपल्या हातात राहतो. एमएसएक्ससारख्या यंत्राची बंधने मुद्दाम पाळली तर उत्तम, पण मग चित्राखाली मराठीत पाटी लावताना एक अडचण येते, जिने माझे दोन आठवडे घेतले. इंग्रजी अक्षर आठ ठिपक्यांच्या उंचीत बसते, देवनागरी बसत नाही. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘त्रिंदाद’ या एका नावासाठी मला प्रत्येक अक्षराला दोन तुकड्यांची, म्हणजे सोळा ठिपक्यांची उंची द्यावी लागली आणि पाटीला जागा व्हावी म्हणून भिंतीवरचे चित्र एक तुकडा वर सरकवावे लागले.